ऑटिझम, ग्लुटाथायोन आणि आमच्या कपाटातल्या अकरा बाटल्या

निंबोणी

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा सहा वर्षांचा. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. थोडं बोलतो, हवं ते मागतो, कल्याण ते सीएसएमटी सगळी स्टेशनं तोंडपाठ, उलटीसुद्धा. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) सुरू आहे, त्याचा उपयोग होतोय हे दिसतं. अडचण आहे ती चिडण्याची. गेलं वर्षभर दिवसातून तीन-चारदा असा भडका उडतो की स्वतःचाच हात चावतो. उजव्या मनगटावर घट्टा पडलाय. डॉक्टर मॅडमनी चिडचिडीवरच्या रिस्पेरिडोन या औषधाचं नाव काढलं, पण वजन वाढतं हे ऐकून आम्ही दोघंही कचरलो.

दिवाळीत एका नातेवाइकांनी एका 'बायोमेडिकल' सल्लागाराचं नाव सुचवलं. व्हिडिओ कॉलवर पाऊण तास बोलणं झालं. केस आणि लघवी तपासायला गेली. रिपोर्टात लाल रेघाच रेघा. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जास्त, ग्लुटाथायोन कमी. मग यादी आली: ग्लुटाथायोन, एन-ॲसिटिलसिस्टीन, ब्रोकोलीचा अर्क, मिथाइल बी-१२, झिंक, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, कर्क्युमिन, कोएन्झाइम क्यू-१०, ओमेगा-३ आणि एक मल्टिव्हिटॅमिन. अकरा बाटल्या. महिन्याचा खर्च चौदा हजार. ओटीची महिन्याची फी याच्या निम्म्याहून कमी आहे.

दहा दिवस झाले देऊन. नवरा म्हणतो काही फरक नाही. मला वाटतं आहे. सासूबाई म्हणतात, पोराच्या पोटात एवढं रसायन कशाला.

कुणी वापरलंय का? आणि यामागे खरंच अभ्यास आहे की नुसताच बाजार? दोन्ही प्रकारची उत्तरं चालतील, फक्त 'श्रद्धा ठेवा' आणि 'आईबापच मूर्ख' ही दोन नकोत.

तिरकस

ग्लुटाथायोन म्हणजे ते गोरं करायचं इंजेक्शन ना? ब्यूटी पार्लरवाल्यांकडून आता इकडे वळलं वाटतं.

निंबोणी

तेच. बाटलीवर 'त्वचेची कांती' असंही लिहिलंय. सहा वर्षांच्या मुलाला.

रसायनी

जीवरसायन शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे डोस वगैरे मला विचारू नका.

तिरकसांचा टोमणा बाजूला ठेवू. ग्लुटाथायोन हे आपलं शरीर स्वतःच बनवतं, जवळजवळ प्रत्येक पेशीत. चिरून ठेवलेलं सफरचंद काळं पडतं, लिंबू पिळलं की पडत नाही. पेशीच्या आत साधारण ते लिंबाचं काम याच्याकडे, म्हणून याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. प्राणवायू वापरून ऊर्जा काढताना जे तिखट, अस्थिर रेणू उरतात त्यांना ते शांत करतं. शांत करता करता स्वतः 'वापरलेलं' होतं आणि मग पुन्हा ताजं केलं जातं. ताजं किती आणि वापरलेलं किती, यावरून पेशीवर किती ताण (तुमच्या रिपोर्टातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस) आहे याचा अंदाज बांधतात.

ऑटिझमशी याची गाठ पडली ती मुख्यतः २००४ मध्ये. अमेरिकेत आर्कान्सा इथे जिल जेम्स यांच्या गटाने २० ऑटिस्टिक मुलांचं रक्त ३३ इतर मुलांच्या रक्ताशी ताडून पाहिलं. ताजं ग्लुटाथायोन कमी, वापरलेलं जास्त. पुढे इतरांनाही असं दिसत गेलं. म्हणजे मुळात निरीक्षण खोटं नाही, हे आधी कबूल करते.

घसरण पुढच्या पायरीवर होते. रक्तात कमी आहे म्हणजे त्यामुळेच ऑटिझम आहे, असं होत नाही. ज्या मुलाचं जेवण चार पदार्थांवर अडकलंय, ज्याला झोप नाही, ज्याचं पोट आठ-आठ दिवस साफ होत नाही, त्याच्या रक्तात काय दिसेल? कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे एका रक्ततपासणीतून कळत नाही. केस आणि लघवीतून तर त्याहून नाही.

आणि तोंडाने घेतलेलं ग्लुटाथायोन बरंचसं आतड्यातच तुटतं. म्हणून संशोधकांनी नाद धरला तो एन-ॲसिटिलसिस्टीनचा, म्हणजे एनएसीचा. ते शरीराला सिस्टीन पुरवतं, ग्लुटाथायोन बनवायला लागणारा कच्चा माल. त्यावर रात्री लिहिते, आत्ता तास आहे.

सखाराम_मेडिकल

मिरजेत दुकान आहे, पंचवीस वर्षं काउंटरला उभा आहे. एनएसी आमच्याकडे जुनं औषध. छातीतला कफ पातळ करायला पाण्यात विरघळणारी गोळी येते. आणि कुणी पॅरासिटामॉल भरमसाट खाल्लं तर लिव्हर वाचवायला हॉस्पिटलात हेच देतात. काम तेच, लिव्हरमधलं संपलेलं ग्लुटाथायोन भरून काढायचं. म्हणजे हे काही कुणी परवा शोधलेलं जादूचं चूर्ण नव्हे.

ताई, एक करा. अकरा बाटल्यांची लेबलं घेऊन बसा आणि झिंकची बेरीज करा. झिंकच्या बाटलीत असणारच, मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं, आणि बऱ्याचदा तिसरीकडेही घातलेलं असतं. चार ते आठ वर्षांच्या मुलाला रोजची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅम धरतात. जास्त झिंक बरेच दिवस गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्यातून ॲनिमिया होतो. बी-६ ची पण बेरीज करा. ते अती झालं तर हातापायांच्या नसांवर येतं.

आणि डब्याच्या मागे बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असं असेल. सप्लिमेंटवर ते छापावंच लागतं, कारण ते अन्न म्हणून एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) परवान्यावर विकलं जातं, औषध म्हणून नाही. सल्लागार औषध म्हणून देतो, कंपनी अन्न म्हणून विकते. मधल्या मधे सगळे मोकळे.

निंबोणी

बेरीज केली. झिंक ३४ मिलिग्रॅम. तीन बाटल्यांत होतं. आत्ताच बंद केलं. सखारामकाका, मनापासून आभार. हात कापतायत माझे.

सखाराम_मेडिकल

दहा दिवसांनी काही होत नाही, घाबरू नका. पण यादी जशीच्या तशी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. लपवू नका, रागावल्या तर रागावू द्या.

अंजू_एडिसन

माझा मुलगा आता एकोणीसचा. त्यामुळे या गल्लीतून मी एकदा जाऊन आलेय.

२०१४ च्या शरद ऋतूत आमच्या पालकांच्या ग्रुपवर एकच विषय होता, ब्रोकोली. जॉन्स हॉपकिन्स आणि बॉस्टनच्या लोकांनी १३ ते २७ वयाच्या ४४ मुलग्यांवर प्रयोग केला होता. २९ जणांना ब्रोकोलीच्या मोडांतून काढलेलं सल्फोराफेन, १५ जणांना बिनऔषधी कॅप्सूल, १८ आठवडे. वर्तनाच्या एका मापात (आकडा कमी म्हणजे त्रास कमी) औषधवाल्यांचा आकडा ३४ टक्क्यांनी उतरला, सामाजिक वागण्याच्या दुसऱ्या मापात १७ टक्क्यांनी. बंद केल्यावर परत वर गेला. कल्पना सुचली होती कशावरून, तर बऱ्याच पालकांचा अनुभव असतो की ताप आला की मूल त्या दिवसापुरतं जास्त शांत, जास्त जवळ येतं. तापात पेशींत जे संरक्षण जागं होतं तेच या द्रव्याने जागं होईल, असा तर्क. माझा यायचा. १०२ ताप असताना मांडीत येऊन डोळ्यांत बघायचा, आणि मला ताप उतरू नये असं वाटायचं. आईला असं वाटावं, याची लाज अजून जात नाही.

तर मी काय केलं? बरण्यांत ब्रोकोलीला मोड आणले. अख्खं स्वयंपाकघर मुळ्यासारखं घमघमायचं. तीन दिवसांच्या मोडांत मोठ्या गड्ड्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं ते द्रव्य. ते खरं आहे, पण माझ्या मुलाने त्यातलं चमचाभरही खाल्लं नाही. पराठ्यात घालून फसवायला गेले तर तीन महिने पराठा सुटला. खाणाऱ्या चार पदार्थांतला एक मी माझ्या हाताने घालवला.

पुढे मोठ्या अपेक्षेने लहान मुलांवरचे प्रयोग वाचले. २०२१ मध्ये ३ ते १२ वयाच्या मुलांचा आला. डॉक्टरांनी बघून दिलेल्या मुख्य मापात फरक नाही. मग प्रागचा, ३ ते ७ वर्षांची मुलं, ३६ आठवडे. काही नाही. आणि २०१४ च्या प्रयोगात औषध घेणाऱ्यांपैकी दोघांना फिट आली होती, दोघांनाही आधी कधीतरी फिट येऊन गेलेली. ही ओळ आमच्या ग्रुपवर कुणीच फॉरवर्ड केली नव्हती. ज्यांच्या मुलांना फिट्स आहेत त्यांनी ही ओळ दोनदा वाचा.

तिरकस

ताप उतरू नये वाली गोष्ट वाचून टोमणा मारायचं विसरलो.

रसायनी

आता एनएसी. स्टॅनफर्डमध्ये अँटोनियो हार्डन यांच्या गटाने २०१२ मध्ये ३३ मुलांवर १२ आठवडे प्रयोग केला. पहिले चार आठवडे दिवसाला ९०० मिलिग्रॅम, मग दुप्पट, मग तिप्पट. चिडचिडीचा आकडा औषधाच्या गटात १३.१ वरून ७.२ वर आला. हा आकडा तुम्हाला प्रत्येक बाटलीच्या जाहिरातीत भेटेल. बातमी मोठी होती, कारण चिडचिडीसाठी अमेरिकेत मान्यता असलेली औषधं दोनच, २००६ पासून रिस्पेरिडोन आणि २००९ पासून ॲरिपिप्राझोल, आणि दोन्हींना वजन वाढण्यासारखे दुष्परिणाम आहेत. त्यांच्याऐवजी कफाची गोळी चालली तर कुणाला नको? इराणमधल्या दोन प्रयोगांतही रिस्पेरिडोनच्या जोडीला एनएसी दिल्यावर चिडचिड आणखी कमी झालेली दिसली. म्हणजे तिथेही रिस्पेरिडोन होतंच, हे जाहिरातीत सांगत नाहीत.

मग ऑस्ट्रेलियात १०२ मुलांवर सहा महिने प्रयोग झाला, २०१७ मध्ये आला. काही फरक नाही. पण तिथे डोस रोज ५०० मिलिग्रॅम, म्हणजे स्टॅनफर्डच्या शेवटच्या डोसाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. त्यामुळे 'डोसच कमी होता' असं म्हणायला जागा राहते, आणि ते म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो लहानसा, ३१ मुलांचा, २०१६ चा प्रयोग. तिथे डोस वजनावर आणि चांगला भरपूर होता. एनएसी घेतलेल्या मुलांच्या रक्तात ग्लुटाथायोन खरोखर वाढलं. मुलांच्या वागण्यात फरक पडला नाही. निंबोणी, तुमच्या रिपोर्टातली लाल रेघ हिरवी होईलही. तुम्ही ज्यासाठी पैसे मोजताय ते मनगट आहे.

मिथाइल बी-१२ ची गंमत वेगळी. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगात ५७ मुलं होती, दर तीन दिवसांनी इंजेक्शन, आठ आठवडे. डॉक्टरांच्या एकंदर मतात सुधारणा दिसली, पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांत नाही. सहसा उलटं होतं. ओमेगा-३ आणि बी-६-मॅग्नेशियमवर प्रयोग गोळा करून पाहिले गेलेत, हाती काही ठोस लागलेलं नाही. कर्क्युमिनबद्दल ऑटिस्टिक मुलांमध्ये सांगावं असं माझ्याकडे काही नाही. हळद आमटीत घाला.

गोदाकाठ

हे सगळं ठीक आहे हो. पण माझी मुलगी आठ वर्षांची आहे, दोन वर्षं एनएसी आणि बी-१२ चालू आहे, आणि तिच्यात फरक पडलाय. पूर्वी दुकानात नेता यायचं नाही, आता स्वतः ट्रॉली ढकलते. मी हे डोळ्यांनी बघतोय. ३१ मुलांचा अभ्यास माझ्या घरी राहायला येणार आहे का? अभ्यासवाले 'अजून पुरावा हवा' म्हणत पंधरा वर्षं घालवतील, तोवर माझी मुलगी तेवीस वर्षांची होईल. थांबायला वेळ कुणाकडे आहे?

रसायनी

दोन वर्षांत सहाची मुलगी आठची झाली, हेही त्यात धरा. ऑटिस्टिक मुलंही वाढतात, शिकतात, नुसती औषधानेच बदलत नाहीत. तुमच्या मुलीचं श्रेय तुम्ही बाटलीला देताय.

गोदाकाठ

वर्गात बसून बोलणं सोपं असतं, मॅडम.

रसायनी

माझा भाऊ ऑटिस्टिक आहे. ४४ वर्षांचा. वर्गात बसून बोलत नाही मी.

गोदाकाठ

माफ करा. माहीत नव्हतं.

अंजू_एडिसन

गोदाकाठ, तुमचा राग मला पाठ आहे, माझाच होता. म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. १९९८ मध्ये सीक्रेटिन नावाच्या पचनाच्या संप्रेरकाने तीन मुलं सुधारली असा लेख आला. टीव्हीवर झळकलं, लोकांनी मिळेल त्या भावात इंजेक्शनं घेतली. १९९९ मध्ये नीट प्रयोग झाला, ६० मुलं, निम्म्यांना सीक्रेटिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्हीकडची मुलं सारखीच सुधारली. मिठाच्या पाण्यानेही! आणि हा निकाल त्या मुलांच्या पालकांना सांगितल्यावरसुद्धा त्यांतले ६९ टक्के म्हणाले, आम्हाला सीक्रेटिनमध्ये अजून रस आहे. त्या टक्क्यांत मी असते, नक्की असते.

एनएसीने मोठं नुकसान होईल असं मी म्हणत नाही. पण ही गल्ली पुढे कुठे जाते ते माहीत असू द्या. आज अँटिऑक्सिडंट, उद्या 'शरीरातला पारा काढू' म्हणून चीलेशन. २००५ मध्ये पेनसिल्व्हानियात पाच वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा चीलेशनचं औषध शिरेतून देताना गेला. कॅल्शियम एकदम उतरलं आणि हृदय थांबलं. आणि तिकडे स्टेम सेलवाले लाखांत बोलतात. तुमच्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमवर उपचार म्हणून ते सुचवू नये. तरी जाहिराती दिसतातच.

कानटोपी

मी ऑटिस्टिक आहे, वय ३१, पुण्यात डेटाबेसवर काम करतो. धागा सकाळपासून चार वेळा उघडून बंद केला.

ज्या मापाचे आकडे सगळे सांगताय, त्यात ५८ प्रश्न असतात आणि ते पालक किंवा शिक्षक भरतात. 'ओरडतो', 'स्वतःला इजा करतो', 'रडतो' वगैरे. का ओरडतो, हा प्रश्न त्यात नाही. मी दुसरीत असताना वर्गातल्या ट्यूबलाइटच्या आवाजाने ओरडायचो. होय, ट्यूबलाइटला आवाज असतो. चोक बदलला आणि मी 'सुधारलो'. तेव्हा कुणी मला ब्रोकोली देत असतं तर तिची कीर्ती झाली असती.

जाता जाता: ऑटिस्टिकसाठी मराठीत वापरतात तो 'स्वमग्न' हा शब्द मला कधीच पटला नाही. मी स्वतःत मग्न नसतो. उलट बाहेरचं सगळं एकदम आत येतं, दार लावता येत नाही.

निंबोणी, राग 'लक्षण' आहे असं धरून त्यावर औषध शोधताय. तो निरोपही असू शकतो. कधी चिडतो, कुठे, त्याआधी दहा मिनिटं काय होतं, हे लिहून बघितलंय का?

मोगऱ्याची_आजी

मी अडाणी बाई, पण नातू आमचाही असाच आहे, म्हणून लिहिते. आमचा भिंतीवर डोकं आपटायचा. सहा महिने सगळे उपाय झाले. शेवटी निघालं काय, तर दाढ किडलेली. त्याला दुखतंय हे सांगता येत नव्हतं. आधी तोंड बघा, कान बघा, पोट साफ आहे का बघा. चावतो म्हणालात ना? जेवणानंतर जास्त चावतो का?

निंबोणी

आजी, ब्रश करू देत नाही गेली दोन वर्षं. दात कुणीच नीट बघितलेले नाहीत. हे लिहिताना कसंतरी होतंय. पोटाचं मात्र लक्ष आहे.

कानटोपी, तुम्ही चार वेळा उघडून शेवटी लिहिलंत याबद्दल फार आभार. वही करते आजपासून.

ताम्हण

वही करताय तर एक सांगतो: गणपतीच्या दिवसांत काही नवीन सुरू करू नका. निकाल गोळीचा लागणार नाही, ढोल-ताशाचा लागेल. आम्ही खाल्लीय ती माती.

निंबोणी

*(साडेतीन महिन्यांनी)*

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी खाजगी निरोपातून विचारलं.

डॉक्टर मॅडमना यादी दाखवली. रागावल्या नाहीत, पण बराच वेळ काही बोलल्या नाहीत. लोह आणि ड जीवनसत्त्व तपासलं, लोह कमी निघालं, ते सुरू झालं. बाकी अकराच्या अकरा बंद. महिनाभर तसंच जाऊ दिलं, वही लिहिली. मग मीच हट्ट धरला की एनएसी एकदा तरी नीट बघायचंय. त्या म्हणाल्या, बघू, पण डोस मी ठरवणार आणि मोजणी तुमची एकटीची चालणार नाही.

माझा मावसभाऊ फार्मसीत आहे. त्याने पुड्या केल्या. चार आठवड्यांच्या एनएसीच्या, चार आठवड्यांच्या नुसत्या लिंबाच्या चवीच्या फेसाळ पावडरीच्या, मध्ये एक आठवडा काहीच नाही. आधी कोणत्या ते त्यालाच ठाऊक. आम्हाला फक्त 'क' आणि 'ख'. देण्याचं काम सासूबाईंचं.

आमचं गुपित एक दिवसही टिकलं नाही. सासूबाईंनी पहिलं पाकीट फोडलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "याला नासक्या अंड्याचा वास येतो. आपल्या घरात अंडं चालत नाही." झालं! 'क' म्हणजे एनएसी हे आख्ख्या घराला कळलं.

सखाराम_मेडिकल

हाहा! गंधकाचा वास. तो कशानेही झाकत नाही. मला विचारायचंत ना.

निंबोणी

खरंय काका. पण त्यातूनच जे कळलं ते सांगते.

शाळेतल्या बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना मी एवढंच म्हटलं होतं की शाळा सुटेपर्यंत किती वेळा हात चावतो याच्या रेघा मारा. त्यांनी कॅलेंडरवर मारल्या. घरी संध्याकाळच्या रेघा मी मारत होते.

माझ्या वहीत: 'क' च्या चार आठवड्यांत ३१, 'ख' च्या चार आठवड्यांत ५८. जवळजवळ निम्मं. मी रडले होते आनंदाने.

बाईंच्या कॅलेंडरवर: 'क' मध्ये २३, 'ख' मध्ये २१.

दोन्ही कागद शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ बसले होते. मी खोटं लिहिलं नव्हतं. 'क' च्या दिवसांत त्याने हात तोंडाकडे नेला की मी 'हे चावणं नव्हे' असं धरत होते. 'ख' च्या दिवसांत तेच चावणं होतं.

गोदाकाठ

मान्य करायला जड जातंय, पण वाचून गप्प झालो. तरी दोन गोष्टी. स्टॅनफर्डवाले १२ आठवडे देत होते, तुम्ही चार. आणि सकाळचा आणि संध्याकाळचा मुलगा वेगळा असू शकतो. संध्याकाळी खरंच फरक पडला असेल तर?

निंबोणी

दोन्ही बरोबर आहे. एका मुलावरचा, वास फुटलेला प्रयोग आहे हा, याने जगाला काही सिद्ध होत नाही. संध्याकाळबद्दल म्हणाल तर नवऱ्याने शनिवार-रविवारी स्वतंत्र रेघा मारल्या होत्या, मला न दाखवता. त्याच्या ९ आणि १०. वास त्यालाही माहीत होता, पण त्याला काही वाटतच नव्हतं मुळात, त्यामुळे त्याचाही कागद स्वच्छ नाहीच.

रसायनी

अंध प्रयोगात, म्हणजे काय दिलंय ते कुणाला माहीत नसतं अशा प्रयोगात, वासाचा प्रश्न मोठमोठ्या संशोधकांनाही सुटतोच असं नाही. तुम्ही एक गोष्ट फार बरोबर केलीत, नकळत का होईना: ज्याला काही माहीत नाही अशा माणसाच्या हातात पेन्सिल दिलीत.

गोदाकाठ, तुम्हीही शाळेत असं करून बघाल? थांबवा म्हणत नाहीये. डॉक्टरांना विचारून महिनाभर सुट्टी, आणि वर्गात कुणाला सांगायचं नाही.

गोदाकाठ

विचार करतो. बायकोशी बोलायला हवं. तिला तो महिना सोसवेल असं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

कानटोपी

कॅलेंडरवरच्या रेघा कोणत्या वेळी जास्त होत्या?

निंबोणी

हाच प्रश्न मॅडमनी विचारला. बाईंनी वेळाही लिहिल्या होत्या, मी मागितल्या नसताना. ४४ पैकी २९ रेघा डबा खाल्ल्यानंतरच्या वीस मिनिटांतल्या.

मोगऱ्याची_आजी

दाढ बघा म्हटलं होतं ना मी.

निंबोणी

हो आजी. गुरुवारची वेळ मिळालीय. अशा मुलांची सवय असलेल्या दाताच्या डॉक्टर आहेत. पहिल्या वेळी फक्त खुर्चीत बसवणार, तोंडही उघडायला सांगणार नाहीत म्हणाल्या. पण आत तरी येईल का, याचीच भीती आहे. न्हाव्याच्या दुकानाच्या दारातून तीनदा परत आलोय आम्ही.

कानटोपी

दवाखान्याचे फोटो आधी मागवून घ्या, दारापासून खुर्चीपर्यंत, क्रमाने. मशीनचा आवाज घरी फोनवर अगदी बारीक करून ऐकवा, बंद करायचं बटण त्याच्या हातात. वरचा दिवा डोळ्यांत जातो, म्हणून गॉगल न्या. ग्लोव्हजच्या रबराचा वास मला अजून सहन होत नाही, दुसऱ्या प्रकारचे आहेत का विचारा. आणि टूथपेस्ट बिनचवीची मिळते. पुदिना जिभेला भाजतो, हे लोकांना खरंच कळत नाही.

अंजू_एडिसन

आणि झाल्यावर काय मिळणार तेही फोटोत शेवटी ठेवा. माझा अजून तसाच जातो. एकोणिसाव्या वर्षी.

निंबोणी

फोटो आले, आठ आहेत. प्रिंट काढून लावलेत फ्रीजवर. काल रात्री त्याला दाखवत होते. दिव्याचा बघितला, खुर्चीचा बघितला, काही नाही. मग मी म्हटलं, गुरुवारी गाडीने जायचं, डोंबिवलीहून एकच स्टेशन. तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठाकुर्ली. मग कल्याण."

दवाखाना ठाकुर्लीलाच आहे. कल्याणपर्यंत जाऊन परत यायचं ठरलंय.